टॉवर नसलेल्या विमानतळावर अल्ट्रालाइट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या छोट्या विमानतळांवर आपली मराठी माणसे दोन वाटांनी पोचतात. काही जण पुण्याहून, नाशकाहून व्यावसायिक पायलटचे तास भरायला आलेले विद्यार्थी असतात. काही जण नोकरीत स्थिरावल्यावर, चाळिशी-पन्नाशीत लहानपणची हौस पुरी करायला अल्ट्रालाइट घेतात. मला दोघांचेही प्रश्न येतात आणि बहुतेक प्रश्न एकमेकांविषयीच असतात. सेस्नावाल्याला (सेस्ना म्हणजे शिकण्यासाठी नेहमी वापरले जाणारे छोटे विमान) खाली संथ जाणाऱ्या अल्ट्रालाइटची भीती वाटते, तर अल्ट्रालाइटवाल्याला मागून येणाऱ्या सेस्नाची. म्हणून दोघांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. नियम अमेरिकेचे, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामकाचे (एफएएचे) आहेत. भारताविषयी प्रश्न १७ पाहा.

१. अल्ट्रालाइट म्हणजे नेमके काय? छोटे, उघडे विमान दिसले की ते अल्ट्रालाइट समजायचे का?

नाही. एफएएचा 'पार्ट १०३' हा नियम १९८२ साली आला आणि अल्ट्रालाइटची व्याख्या त्यात आहे. एकच माणूस बसेल, फक्त हौसेसाठी किंवा खेळासाठी उडवले जाईल, रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा (साधारण ११५ किलो) कमी असेल, टाकीत जास्तीत जास्त ५ गॅलन म्हणजे १९ लिटर इंधन मावेल, पूर्ण पॉवरवर सरळ पातळीत वेग ५५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर जाणार नाही आणि पॉवर बंद ठेवून स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, २४ नॉटच्या आत असेल, तर ते इंजिनवाले अल्ट्रालाइट. पाण्यावर उतरायचे फ्लोट आणि संकटात उघडायचे पॅराशूट यांच्यासाठी वजनात वेगळी सूट मिळते.

जुने अल्ट्रालाइट विकत घेणाऱ्यांना मी एकच सांगतो, पैसे देण्याआधी ते काट्यावर ठेवा. आधीच्या मालकांपैकी कोणी ब्रेक लावलेले असतात, कोणी इलेक्ट्रिक स्टार्टर, कोणी मोठी टाकी. वजन मर्यादेबाहेर गेले की कायद्याच्या नजरेत ते नोंदणी नसलेले विमान ठरते आणि तुम्ही परवाना नसलेले पायलट.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. पार्ट १०३ मध्ये अल्ट्रालाइटला 'विमान' म्हटलेले नाही, 'वाहन' म्हटले आहे. प्रश्न ६ चे उत्तर याच एका शब्दावर उभे आहे.

२. परवाना लागत नाही हे खरे आहे का? मग शिकायचे कुठे?

खरे आहे. पायलटचा परवाना लागत नाही, वैद्यकीय तपासणी लागत नाही, नोंदणी क्रमांक लागत नाही, वयाचीही अट नाही. पण हवेला यातले काहीच माहीत नसते, त्यामुळे शिकल्याशिवाय उडू नका.

पूर्वी शिकवण्यासाठी दोन आसनी अल्ट्रालाइट वापरायची खास सवलत होती. ती जानेवारी २००८ मध्ये संपली. आता नोंदणी केलेल्या हलक्या दोन आसनी विमानात, परवानाधारक प्रशिक्षकाबरोबर शिकावे लागते. प्रशिक्षकाचे विमान जितके हलके आणि संथ, तितके चांगले. सेस्ना १७२ मध्ये थ्रॉटल मागे घेतला तरी विमान स्वतःच्या वजनाच्या जोरावर थोडे पुढे जाते. क्विकसिल्व्हरसारख्या अल्ट्रालाइटमध्ये थ्रॉटल बंद करून नाक खाली घातले नाही, तर दोन-तीन सेकंदांत वेग हातातून निसटतो. 'माझ्याकडे तर परवाना आहे' म्हणून थेट अल्ट्रालाइटमध्ये बसणाऱ्यांना हे सांगणे मी माझे काम समजतो.

३. टॉवर नाही, कंट्रोलर नाही. मग विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

पॅटर्नमुळे. भारतात शिकलेले याला सर्किट म्हणतात. धावपट्टीची एक बाजू धरून हवेत काढलेला हा आयत आहे. उड्डाण करून सरळ वर जायचे, मग काटकोनात क्रॉसविंड, नंतर धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने डाउनविंड, पुन्हा काटकोनात बेस आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत फायनल. वेगळे काही सांगितलेले नसेल तर सगळी वळणे डावीकडे. नकाशावर विमानतळाच्या माहितीत 'आरपी' आणि धावपट्टीचा क्रमांक दिसला, तर त्या धावपट्टीसाठी उजवीकडे. पिस्टन इंजिनच्या साध्या विमानांसाठी पॅटर्नची उंची बहुतेक ठिकाणी जमिनीपासून १,००० फूट असते, मोठ्या आणि टर्बाइन विमानांसाठी १,५००. बाहेरून येणाऱ्याने डाउनविंडच्या मध्यावर ४५ अंशांच्या कोनातून आत शिरायचे.

यामुळे समोरच्याने कुठे बघायचे ते त्याला आधीच ठाऊक असते. आकाश फार मोठे आहे आणि डोळा एका वेळी त्याचा जेमतेम एक तुकडाच नीट पाहतो. तुम्ही अपेक्षित जागी असलात तरच दिसता.

४. मग अल्ट्रालाइटनेही त्याच आयतात फिरायचे का?

आयतातच, पण खालच्या आणि आतल्या. टॉवर नसलेल्या विमानतळांसाठी एफएएचे ९०-६६ क्रमांकाचे सल्लापत्रक आहे आणि त्याची 'सी' आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यानुसार अल्ट्रालाइटचा पॅटर्न विमानतळाच्या नेहमीच्या पॅटर्नपेक्षा ५०० फूट खाली आणि त्याच्या आत असावा. विमाने १,००० फुटांवर असतील, तर तुम्ही ५०० फुटांवर आणि धावपट्टीच्या जवळ. अल्ट्रालाइटसाठी उतरायची स्वतंत्र जागा, समजा बाजूची गवताची पट्टी, असेल तर वळणे बहुधा उलट्या दिशेने ठेवतात, म्हणजे दोन्ही पॅटर्न धावपट्टीच्या दोन बाजूंना राहतात. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला, एअरव्हेंचर या विमानमेळ्याच्या आठवड्यात विमानतळाच्या दक्षिण भागात अल्ट्रालाइटना अशीच वेगळी गवताची पट्टी आणि वेगळा खालचा पॅटर्न असतो. जमले तर एकदा कुंपणाशी उभे राहून पाहा. सगळे उघड्यावर आणि हळू चालते, त्यामुळे पॅटर्न डोळ्यांत बसतो.

सल्लापत्रक म्हणजे कायदा नव्हे. तुमच्या विमानतळाची पद्धत वेगळी असू शकते. पहिल्या उड्डाणाआधी 'चार्ट सप्लिमेंट' या एफएएच्या विमानतळ-माहितीपुस्तिकेतली त्या विमानतळाची नोंद वाचा आणि व्यवस्थापकाला फोन करा. पॅटर्नखाली दाट वस्ती असेल तर अल्ट्रालाइटला ती बाजू कायद्यानेच बंद आहे. गावा-शहराच्या दाट वस्तीवरून किंवा उघड्यावरच्या जमावावरून उडायला पार्ट १०३ मनाई करतो, पॅटर्नचा अपवादही देत नाही.

५. वेगातल्या फरकाचा एवढा बाऊ का करता? हळू जाणारा तर जास्त सुरक्षित ना?

एकटा असेल तर सुरक्षित. रांगेत असेल तर नाही. हिशेब करून पाहा. ताशी ४० मैलांनी येणाऱ्या अल्ट्रालाइटला एक मैलाचे फायनल कापायला दीड मिनिट लागते. ६५ नॉटने येणाऱ्या सेस्ना १७२ ला पाऊण मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. आता समोरून ताशी १५ मैलांचा वारा धरा. सेस्नाला लागेल एक मिनिट आणि अल्ट्रालाइटला जवळजवळ अडीच. सेस्नावाल्याने डाउनविंडवरून पाहिले तेव्हा 'पुढचा बराच पुढे आहे' असे त्याला वाटते. बेस संपवून फायनलवर वळतो तेव्हा पुढचा तिथेच लटकलेला असतो.

मोठ्या विमानांमध्येही हेच होते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या टॉवर नसलेल्या विमानतळावर एक सेस्ना १५२ पॅटर्नमध्ये फेऱ्या मारत होते. दोन इंजिनांचे सेस्ना ३४० सरळ फायनलवर आले. उतरताना असायला हवा त्यापेक्षा त्याचा वेग कितीतरी जास्त होता. दोघेही रेडिओवर आपापली जागा सांगत होते. तरीही ते आदळले आणि तिघे गेले. जागा कळूनही वेगाचा अंदाज चुकला तर काय होते, ते यात आहे.

म्हणून अल्ट्रालाइटने लांब फायनल कधीच घेऊ नये. डाउनविंड धावपट्टीजवळ ठेवा, बेस लवकर घ्या, फायनल पाव मैलाच्या आत संपवा. इंजिनच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे (प्रश्न ११).

६. आधी जायचा हक्क कोणाचा? मी खाली आहे, फायनलवर आहे, म्हणजे माझाच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि यात जाणकारही चुकतात. विमानांच्या नियमात, म्हणजे पार्ट ९१ मध्ये, फायनलवर असलेल्याला प्राधान्य आहे. दोघे उतरायला येत असतील तर खालच्याला, मात्र त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचे नाही. हा नियम विमानांमधला आहे. अल्ट्रालाइट कायद्याने 'वाहन' आहे आणि पार्ट १०३ सांगतो की अल्ट्रालाइटने सगळ्याच विमानांना वाट द्यायची. तुम्ही खाली असा, पुढे असा, फायनलवर असा, वाट तुम्हीच द्यायची. अल्ट्रालाइटांमध्ये इंजिनवाल्याने बिनइंजिनवाल्याला, म्हणजे हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडरला वाट द्यायची.

विद्यार्थ्यांनी याचा उलटा अर्थ काढू नये. समोरच्या वाहनाला हक्क नाही म्हणून त्याच्यावर चालून जायची मुभा मिळत नाही. पाहून टाळण्याची जबाबदारी तुमच्यावरही तेवढीच आहे. शिवाय तो तुम्हाला वाट देईल कशी, जर तुम्ही त्याच्या मागून, वरून येत असाल आणि तुम्ही त्याला दिसतच नसाल?

७. मी फायनलवर आहे आणि मागून बोनांझा (एक वेगवान छोटे विमान) येतोय असे रेडिओवर ऐकले. करायचे काय?

गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, आणि लवकर. पॉवर पूर्ण, नाक आवरून धरा, धावपट्टीच्या रेषेवरून आपल्या पॅटर्नच्या बाजूला थोडे सरका आणि समांतर जा. ५०० फुटांच्या वर चढू नका. बोनांझानेही गो-अराउंड केले तर तो झपाट्याने वर जाणार आहे आणि ती जागा त्याच्यासाठी मोकळी हवी. रेडिओ असेल तर एका वाक्यात सांगा की अल्ट्रालाइट बाजूला होत आहे.

फायनलवर पूर्ण गोल चक्कर मारू नका. चक्कर मारताना तुम्ही मागच्याकडे तोंड करून त्याच्या वाटेत येता, आणि तेही कमी उंचीवर, कमी वेगात, तिरपे झालेले असताना. बाजूला गवताची पट्टी असेल आणि तिथे उतरायची पद्धत असेल, तर तिच्यावर सरकून उतरणे सर्वांत सोपे.

८. रेडिओ सक्तीचा आहे का? आणि बोलायचे काय?

टॉवर नसलेल्या साध्या विमानतळावर सक्तीचा नाही, अल्ट्रालाइटलाही नाही आणि विमानालाही नाही. तरीही हातातला छोटा रेडिओ आणि हेल्मेटमधला हेडसेट ही पहिली खरेदी असावी. पंखाला नवा रंग नंतर द्या.

छोट्या विमानतळांना १२२.७, १२२.८, १२२.९, १२३.० अशा मोजक्याच फ्रीक्वेन्सी वाटून दिलेल्या असतात, त्यामुळे पन्नास मैलांवरच्या विमानतळाचे बोलणेही ऐकू येते. म्हणून विमानतळाचे नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे घ्यायचे. मध्ये तुम्ही कोण, कुठे, किती उंचीवर, काय करणार. अल्ट्रालाइटला नोंदणी क्रमांक नसतो, म्हणून प्रकार आणि रंग सांगा, 'पिवळे क्विकसिल्व्हर अल्ट्रालाइट' असे. 'अल्ट्रालाइट' हा शब्द आलाच पाहिजे. तो ऐकला की समोरचा वेगाचा अंदाज बदलतो आणि नजर खाली नेतो. 'कोणी असेल तर कळवा' छापाचे वाक्य टाळा. एफएएने ते वापरू नका असे स्पष्ट लिहिले आहे, कारण सगळे एकदम उत्तर देतात आणि कोणाचेच कळत नाही.

दहा मैलांवरून बोलायला सुरुवात करा, असे विमानांना सांगितलेले आहे. अल्ट्रालाइटला तेवढे अंतर यायला पाव तासाच्या आसपास लागतो. मी दहा मैलांपासून फक्त ऐकतो आणि तीन मैलांवर तोंड उघडतो.

९. रेडिओवर उत्तर आले म्हणजे धावपट्टी मोकळी समजायची का?

नाही. इलिनॉयमधल्या क्विन्सीची घटना प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावी. १९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ, टॉवर नसलेला विमानतळ, एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या. प्रवासी घेऊन आलेले बीच १९०० धावपट्टी १३ वर उतरत होते. धावपट्टी ०४ च्या टोकाला एक किंग एअर (दोन इंजिनांचे विमान) उभे होते आणि त्याच्या मागे एक छोटे चेरोकी. बीच १९०० ने विचारले, किंग एअर थांबणार आहे का? उत्तर चेरोकीने दिले, की आपण थांबलो आहोत. त्या उत्तरातच बीच १९०० च्या कॉकपिटमधला उंचीचा इशारा वाजला आणि काही शब्द त्यात बुडाले. वैमानिकांना वाटले की किंग एअरच बोलले. किंग एअरने उड्डाणाची धाव सुरू केली आणि दोन्ही विमाने छेदावर आदळली. १४ जण गेले.

यातून मी दोन सवयी उचलल्या. प्रश्न मला नसेल तर मी उत्तर देत नाही. आणि उत्तर कोणी दिले हे कळले नाही, तर ते आलेच नाही असे धरतो. अल्ट्रालाइटला हे विशेष लागू आहे, कारण आडवा वारा सोसत नाही म्हणून आपण बरेचदा सगळे वापरतात ती सोडून दुसरीच, छेदणारी पट्टी घेतो. तसे करताना आपण कुठली पट्टी घेतोय ते दोनदा सांगा आणि दोन्ही फायनलकडे मान वळवून पाहा.

१०. माझ्या टॅबवर एडीएस-बीची (विमानाने आपली जागा आपोआप कळवण्याच्या यंत्रणेची) सगळी विमाने दिसतात. अल्ट्रालाइटही दिसेल ना?

बहुधा दिसणार नाही. १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई हद्दीत विमानांना एडीएस-बी सक्तीचे झाले, अल्ट्रालाइटला नाही. बहुतेक अल्ट्रालाइटमध्ये ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारे यंत्र) नसतो, कित्येकांत धड बॅटरीही नसते.

डोळ्यांवर भिस्त ठेवायची तर विमानाचे आंधळे कोपरे माहीत हवेत. खाली पंख असलेल्या विमानाला खालचे दिसत नाही. वर पंख असलेल्या अल्ट्रालाइटला वरचे दिसत नाही. पहिले विमान दुसऱ्याच्या डोक्यावर उतरत असेल, तर दोघांनाही काही कळत नाही. माझ्या बाबतीत हे एकदा झाले. सकाळचे अकरा वाजले असतील, मी ५०० फुटांवर डाउनविंडवर होतो. क्विकसिल्व्हरच्या पंखाचे कापड उन्हात आरपार उजळते, खालून पाहिले तर त्यातली एकेक नळी दिसते. त्या उजेडावरून एक सावली सरकली, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर कोणीतरी होते आणि जवळ होते. मी नाक खाली घालून धावपट्टीकडे वळलो, तेव्हा माझ्या डावीकडून एक खालच्या पंखाचे प्रशिक्षणाचे विमान बेसवर वळताना दिसले. त्याने डाउनविंडवरच लवकर उंची सोडली होती. खाली उतरल्यावर विद्यार्थी आणि त्याचे प्रशिक्षक चालत माझ्याकडे आले. दोघांचे चेहरे उतरलेले होते. त्यांनी मला पाहिलेच नव्हते. त्या दिवशी माझा रेडिओ बॅटरी संपल्याने बंद होता आणि तरी मी उडालो होतो. आता बॅटरी भरलेली नसेल तर मी यंत्र हँगरबाहेर काढत नाही.

विद्यार्थ्यांसाठी यातली गोष्ट इतकीच: बेसवर वळेपर्यंत पॅटर्नची उंची शक्यतो सोडू नका, आणि सोडण्याआधी पंख जरा तिरका करून खाली पाहा. काचेवर न हलणारा ठिपका दिसला, तर त्याच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या. तुमची आणि त्याची गाठ पडणार असेल तर तो जागचा हलत नाही, फक्त मोठा होत जातो.

११. पॅटर्नमध्ये इंजिन बंद पडले तर?

पडणारच असे धरून पॅटर्न आखा. रोटॅक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते की हे इंजिन अचानक थांबू शकते. उघड्या, तारांनी बांधलेल्या अल्ट्रालाइटचा ग्लाइड साधारण सहास एक (एक फूट खाली येताना सहा फूट पुढे) धरला, तर ५०० फुटांवरून शांत हवेत ३,००० फूट जाता येते, म्हणजे अर्ध्या मैलापेक्षा थोडे जास्त. त्यातले वळणात बरेच जाते. डाउनविंड धावपट्टीपासून पाव मैलावर असेल तर तुम्ही पोचता. सेस्नाच्या डाउनविंडवर, पाऊण-एक मैल बाहेर असाल, तर शेतात उतरता.

उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले तर पहिली हालचाल नाक खाली घालण्याची, आणि उतरायचे समोरच. मागे वळण्याचा मोह तिथेच सोडा.

१२. मोठ्या विमानाच्या मागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यांची भीती किती?

पुष्कळ, आणि इथे खालचा पॅटर्न आपल्या विरोधात जातो. पंखांच्या टोकांपासून निघालेले भोवरे मिनिटाला काहीशे फूट खाली बसत जातात, म्हणजे वरून गेलेल्याचे भोवरे तुमच्या ५०० फुटांवर येऊ शकतात. वारा शांत असेल तर ते रेंगाळतात, आणि आपल्याला तर शांत हवाच आवडते. किंग एअर किंवा छोटे जेट गेले की मी घड्याळ लावून तीन मिनिटे थांबतो. हेलिकॉप्टर जमिनीलगत तरंगत असेल तर त्याच्या पात्यांच्या व्यासाच्या तिप्पट अंतर तरी दूर राहा. आपल्या वजनाला त्याखालची हवा उलटवू शकते.

१३. सूर्यास्तानंतर थोडे उडलेले चालते का?

सूर्योदय ते सूर्यास्त हा नियम. अधिकृत सूर्यास्तानंतर (आणि सूर्योदयाआधी) अर्धा तास चालते, पण तीन मैलांवरून दिसेल असा अँटी-कोलिजन दिवा असेल आणि तुम्ही पूर्ण वेळ अनियंत्रित हवाई हद्दीत असाल तरच. दिवा नसेल तर नाही. कायद्यात बसले तरी मावळतीकडे फायनल असलेल्या पट्टीवर मी शेवटचा अर्धा तास टाळतो, कारण मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असते.

१४. टॉवर नाही म्हणजे परवानगी लागत नाही, एवढे सोपे आहे का?

नाही, इथे बरेच जण फसतात. काही विमानतळांना टॉवर नसतो, पण त्यांच्याभोवतीची क्लास 'ई' ही नियंत्रित हवाई हद्द जमिनीपासून सुरू होते. नकाशावर ती तुटक किरमिजी रेघेने दाखवतात. त्या रेघेच्या आत अल्ट्रालाइटला, त्या हद्दीचा ताबा असलेल्या एअर ट्रॅफिक कंट्रोल केंद्राची आधी परवानगी लागते. सेस्ना मात्र स्वच्छ हवेत तिथे न विचारता येऊ-जाऊ शकते, आणि गोंधळ यातूनच होतो.

रात्री किंवा सकाळी टॉवर बंद असणाऱ्या क्लास 'डी' (टॉवरच्या नियंत्रणातल्या हद्दीच्या) विमानतळांचे काय? टॉवर बंद झाल्यावर ती हद्द 'ई' होते की 'जी' (अनियंत्रित), ते चार्ट सप्लिमेंटमध्ये लिहिलेले असते. 'ई' झाली तर परवानगीची अट कायम.

किरमिजी रंगाचा रुंद, अस्पष्ट पट्टा मात्र वेगळा. तिथे क्लास 'ई' ७०० फुटांवर सुरू होते. त्याखाली तुमच्या ५०० फुटांच्या पॅटर्नला एक मैल दृश्यता आणि ढगांपासून मोकळे राहणे पुरते. वर गेलात की तीन मैल दृश्यता आणि ढगांपासूनची ठरावीक अंतरे लागू होतात.

१५. व्यवस्थापक म्हणतात 'आमच्याकडे अल्ट्रालाइट चालणार नाही'. म्हणू शकतात का?

खासगी पट्टी असेल तर हो. केंद्राचे विमानतळ-अनुदान घेतलेले सार्वजनिक विमानतळ असेल तर कारण नसताना नाही. अनुदानाच्या अटींत हवाई वापर करणाऱ्यांमध्ये अन्याय्य भेद न करण्याचे वचन असते आणि अल्ट्रालाइट हा हवाई वापरच धरला जातो. सुरक्षेच्या कारणाने बंदी घालायची तर ते कारण एफएएला पटावे लागते. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. पॅटर्न कुठला, पट्टी कुठली, रेडिओ कुठला, असा कागदावर नकाशा काढून घेऊन जा. माझ्या अनुभवात नकार देणाऱ्यांच्या मनात गर्दीच्या वेळी धावपट्टीवर संथ जाणारे यंत्र असते. तो प्रश्न सुटला की बाकीचे बोलणे सोपे होते.

१६. ट्राइक, पॅरामोटर, ग्लायडर, स्कायडायव्हर यांचे काय?

ट्राइकवर (हँग ग्लायडरच्या पंखाखाली इंजिनची तीनचाकी गाडी लावलेल्या यंत्रावर) 'एन' ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते नोंदणीकृत विमान आहे, त्याला पार्ट ९१ चे हक्क आहेत आणि तुमचे अल्ट्रालाइट त्याला वाट देईल. क्रमांक नसेल तर तेही पार्ट १०३ चे. हवेत लांबून ओळखू येत नाही, म्हणून दोघांशी सारखेच वागा.

पॅरामोटर, म्हणजे पाठीवर इंजिन घेतलेले पॅराग्लायडर, बहुतेक पार्ट १०३ मध्येच येतात आणि ताशी पंचविसेक मैलांनी जातात, म्हणजे आपल्याहूनही हळू. त्यांच्या वरून जाऊ नका, तुमच्या मागची हवा त्यांचे छत्र मिटवू शकते. ग्लायडर चालतात तिथे त्यांचा पॅटर्न कुठल्या बाजूला आहे ते विचारून घ्या, त्यांना गो-अराउंड नसते. स्कायडायव्हिंग चालते तिथे विमान उडी टाकत असल्याचे सांगते, तेव्हा विमानतळाच्या डोक्यावर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला फिरकू नका.

१७. भारतात परत गेल्यावर हेच नियम लागू होतात का?

नाही. पार्ट १०३ सारखी मोकळीक भारतात नाही. मायक्रोलाइटची (तिकडच्या हलक्या विमानांची) डीजीसीएकडे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी लागते आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. बारामती किंवा धुळ्याला शिकून इकडे आलेल्यांनी आणि इकडून परत जाणाऱ्यांनीही एक गोष्ट तपासावी. इथे उंचीमापकाचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. सवयीने चुकीचा आकडा ऐकला तर तुमचे ५०० फूट नेमके कोणते, हाच प्रश्न उभा राहतो.

१८. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) एका पट्टीला अनुकूल दिसतो, पण सगळे दुसरीच वापरत आहेत. मी काय करू?

सगळे वापरतात ती तुम्हाला झेपत असेल तर तीच घ्या. झेपत नसेल तर पॅटर्न रिकामा होईपर्यंत बाहेर, पॅटर्नच्या उंचीखाली आणि फायनलच्या रेषांपासून दूर थांबा, आणि मग प्रश्न ९ मध्ये लिहिले तसे दोनदा सांगून उतरा. टाकीत ५ गॅलन असतील तर थांबायला वेळ असतो. म्हणून परत येताना मी किमान दीड गॅलन शिल्लक राहील एवढेच लांब जातो.